फ्लॅट नंतर बघा, आधी त्या एरियातला एक गुरुवार बघा

आमचं पहिलं घर धायरीत होतं, वन बीएचके, लग्न ठरायच्या आधीच नवऱ्याने बुक करून ठेवलेलं. तेव्हा एरिया-बिरिया कोण बघतं, ईएमआय झेपतोय ना, मग बास. चार वर्षं काढली, वाईट नव्हतं, पण लेक झाल्यावर टू बीएचके हवाच झाला आणि मग दीड वर्ष आम्ही दर शनिवार-रविवार पुणं पालथं घातलं. त्यात जे कळलं ते लिहितेय. सगळं पुण्याचंच आहे, कारण मला तेवढंच माहितीये. नाशिक-नागपूरवाल्यांनी आपापले ओढे आणि पूल घालून वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे सॅम्पल फ्लॅट बघायला जाऊच नका. खरंच. तिथे एसी असतो, कॉफी देतात, पडदे भारी असतात आणि माणूस तिथेच विरघळतो, मग एरियातल्या खोडी डोळ्यांना दिसेनाशा होतात. आधी घरी बसून कागदावर आठवड्याच्या फेऱ्या लिहून काढा. आमच्या अशा होत्या: नवरा हिंजवडी, आठवड्यातून तीन दिवस. मी खराडी, पाचही दिवस. आणि लेक रोज माझ्या आईकडे कोथरूडला, कारण पाळणाघराला आम्ही दोघंही तयार नव्हतो. आता मोजा. नवऱ्याच्या जाऊन-येऊन सहा फेऱ्या, माझ्या दहा, आणि लेकीला सोडायच्या-आणायच्या दहा. गंमत म्हणजे आम्ही सहा महिने फक्त ऑफिसांवरून भांडत होतो, आईकडच्या दहा फेऱ्या कोणी धरल्याच नव्हत्या!

हिंजवडी आणि खराडी ही पुण्यातल्या नवरा-बायकोंची जुनी दुखणी. दोन टोकं, मध्ये अख्खं शहर. मग प्रत्येकजण सल्ला देतो की मधोमध घ्या, औंध घ्या, शिवाजीनगरकडे बघा. माझं मत अगदी उलटं आहे. मधोमध घेतलं की दोघांनाही ट्रॅफिक लागतो आणि भावही मधलाच नसतो, चांगला वरचा असतो. त्यापेक्षा ज्याच्या फेऱ्या जास्त, ज्याला घरून काम मिळत नाही आणि ज्याची नोकरी लवकर बदलायची नाही त्याच्या सोयीने घ्या, दुसऱ्याने तीन दिवस सहन करायचं. फक्त हे आधी बोलून घ्या, नंतर टोमणे नकोत. आणि आयटीवाल्यांनो, आजच्या कंपनीच्या गेटसमोर वीस वर्षांचं कर्ज काढू नका, दोन वर्षांनी कंपनी बदलते, गेट तिथेच राहतं.

मग त्या फेऱ्या प्रत्यक्ष मारून बघा. रविवारी सकाळी नाही, रविवारी सकाळी सगळं पुणं वीस मिनिटांवर असतं. सोमवारी संध्याकाळी सहाला, शक्यतो पावसात, आणि ज्या गाडीने रोज जाणार तिनेच, म्हणजे टू-व्हीलर असेल तर टू-व्हीलर. आम्ही नऱ्ह्याचा एक फ्लॅट जवळजवळ फायनल केला होता, भाव बरा, हवा छान, पण नवले पुलाच्या उतारावर पाठीमागून ट्रक येतोय आणि पुढे लेकीला घेऊन नवरा, हे एकदा अनुभवलं आणि मी घरी येऊन सांगितलं की नाही म्हणजे नाही.

आता पाणी. इथे जरा थांबते, कारण पुण्यात घर घेताना लोक पार्किंग विचारतात, वास्तू-दिशा विचारतात, क्लबहाऊस विचारतात, पाणी नाही विचारत. नकाशावर एरिया महापालिकेत आहे म्हणजे नळाला महापालिकेचं पाणी आहे असं अजिबात समजू नका. २०१७ मध्ये धायरी, उंड्री, आंबेगाव, लोहगाव वगैरे ११ गावं पुणे महापालिकेत आली, २०२१ मध्ये वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, पिसोळी धरून अजून २३. गावं कागदावर एका दिवसात येतात, पाइपलाइन टाकायला वर्षं लागतात. तोवर टँकर, बोअर आणि आरओ. वाकड-रावेत-पुनावळे बघत असाल तर ती पिंपरी-चिंचवड महापालिका, तिथे २०१९ च्या शेवटी एक दिवसाआड पाणी सुरू झालं. आणि हिंजवडी-माण म्हणजे दोन्हीपैकी काहीच नाही, ग्रामपंचायत. लोकांना वाटतं एवढ्या काचेच्या बिल्डिंगा आहेत म्हणजे महापालिका असणारच.

मग कळणार कसं? ब्रोकरला विचारलं तर तो म्हणेल ‘पाण्याचा काहीच इश्यू नाही मॅडम’. त्याला नका विचारू. त्या एरियातल्या तीन-चार वर्षं जुन्या सोसायटीत जा, सेक्रेटरी किंवा ट्रेझरर गाठा आणि गोड बोलून मागच्या वर्षीचा टँकरचा खर्च विचारा. एप्रिल-मेचा वेगळा. हा आकडा सोसायटीच्या हिशोबात असतोच, लपत नाही. तो भागिले फ्लॅट करून मेंटेनन्समध्ये मिळवला की तुमचा खरा मेंटेनन्स निघतो, नुसता बिल्डर सांगतो तो नव्हे. आणि एका गुरुवारी चक्कर मारा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर बहुतेक गुरुवारीच ठेवतात, वीजही तशीच, आणि शुक्रवारी सकाळी पाणी कमी दाबाने. त्या दिवशी गेटबाहेर टँकरची रांग आहे का, वॉचमन बादल्या भरतोय का, जनरेटर चालू आहे का, सगळं उघडं पडतं. आम्हाला एका फार आवडलेल्या सोसायटीत गुरुवारी दुपारी चार टँकर उभे दिसले, पाचवा वळत होता. तिथूनच यू-टर्न मारला.

पाणी कमी असणं ही एक कटकट, नको तिथे जास्त असणं ही दुसरी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, कात्रजपासून सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंत गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोकांना बोटीने बाहेर काढावं लागलं. या काही गावाबाहेरच्या जागा नाहीत, चांगले भरवस्तीतले एरिया आहेत. तेव्हा नदी किंवा ओढा जवळ असेल तर निळी रेषा आणि लाल रेषा कुठून जाते ते डीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या, नकाशावर बघाच. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. नकाशा वाचता येत नसेल तर आर्किटेक्ट मित्र शोधा, प्रत्येकाला एक असतोच. आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा की २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, तो हाताने भिंतीवर दाखवतो. ‘रिव्हर व्ह्यू’ शब्द ब्रोशरमध्ये दिसला की हा उद्योग दुप्पट करा.

पुढची गोष्ट, ‘होणार आहे’वाल्या सगळ्या गोष्टी. इथून डीपी रोड जाणार आहे, इथे मेट्रो येणार आहे, समोर गार्डनचं रिझर्व्हेशन आहे. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, त्या दिवसापासून तिथले भाव मेट्रोचे झाले, पण २०२४ संपलं तरी तिच्यात एक प्रवासी बसला नव्हता. माझा नियम साधा आहे, ज्या रस्त्यावर आज गाडी चालवता येते तो रस्ता, बाकी सगळं बोनस, आणि बोनसचे पैसे आधी द्यायचे नसतात. डीपी रोडच्या बाबतीत तर मध्येच कोणाची जमीन अडलीये हे बघा, दोन्हीकडून झकास डांबर आणि मध्ये शंभर मीटर ऊस असे रस्ते पुण्यात हवे तेवढे आहेत.

आवाज आणि वास पटकन सांगते. जवळ लॉन्स किंवा मंगल कार्यालय असेल तर कालनिर्णय उघडून लग्नाची तारीख बघा आणि त्या रात्री जा. लोहगाव-विमाननगरवर हवाईदलाची सुखोई लढाऊ विमानं उडतात, ती खिडकी बंद केली तरी ऐकू येतात, काहींना सवय होते, माझ्या चुलत बहिणीला तर आवडतात म्हणे. उरुळी-फुरसुंगी आणि मोशी इकडे कचरा डेपो आहेत, वास वाऱ्यावर असतो, म्हणून एकदा सकाळी आणि एकदा रात्री जा.

एवढं करून एरिया आवडला तर जमल्यास तिथेच अकरा महिने भाड्याने राहा. सासरे म्हणाले भाडं म्हणजे पाण्यात पैसे. पण आम्ही बालेवाडीत अकरा महिने राहिलो आणि कळलं की एरिया मस्त, कॅफे मस्त, फुटपाथ चक्क चालण्यासारखे, पण मला खराडीला जायला रोज दीड तास आणि लेक आजीपासून लांब. हे सॅम्पल फ्लॅटमध्ये बसून कधीच कळलं नसतं. सामान हलवायचा त्रास होतो हे खरं, पण सामान टेम्पोत बसतं, कर्ज बसत नाही.

शेवटी आम्ही घेतलं कोथरूडमध्ये, वनाझ मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, रीसेल, १९९० च्या दशकातली बिल्डिंग. वनाझ ते रामवाडी गाडी न बदलता पाऊण तासाच्या आत, पुढे खराडीपर्यंत रिक्षा. नवरा चांदणी चौकातून बायपासने हिंजवडी, तीन दिवस चिडचिड करत. लेक आजीकडे चालत जाते. भाजी, दवाखाना, शाळा सगळं पायी. बदल्यात काय सोडलं तेही सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की सोनंच मिळालं: वाकडला त्याच पैशात हॉल दीडपट मोठा मिळत होता, स्विमिंग पूल होता, इथे लिफ्टमध्ये तीन माणसं आणि एक पिशवी बसते. जुन्या सोसायटीत घेत असाल तर कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीये का, आणि रिडेव्हलपमेंटची बोलणी कुठवर आलीत हे मीटिंगच्या मिनिट्समध्ये वाचून घ्या, नाहीतर घर लावून होतंय तोवर परत भाड्याने जायची वेळ. आमच्या सोसायटीत बोलणी चालू आहेत, निर्णय काही होत नाही, दर मीटिंगला पार्किंगवर येऊन गाडी अडते. आणि आमची कार सध्या बाहेर रस्त्यावर, आंब्याच्या झाडाखाली, मे महिन्यात बॉनेटवर कैऱ्या पडतात.