रनवे सोडल्यापासून दार उघडेपर्यंत: या चुका टाळा
रात्रीचा दीड, मुंबई, दिवसाचं चौथं सेक्टर, म्हणजे चौथं उड्डाण. समोर बे, म्हणजे विमान उभं करायची जागा, तिथे वाट दाखवणाऱ्या मार्शलरच्या कांड्या हलताहेत आणि माझं डोकं केव्हाच घरी जाणाऱ्या गाडीत जाऊन बसलेलं. पार्किंग ब्रेक लावला, दोन्ही इंजिनं बंद केली आणि केबिनमध्ये काळोख. एपीयू लावायचं राहिलं होतं. बंद दारातूनही मागचं 'अरे!' ऐकू आलं. तेव्हा मला कमांड मिळून, म्हणजे कप्तान होऊन, सहा वर्षं झाली होती, त्यामुळे नवखेपणाची सबब नव्हती.

एपीयू म्हणजे शेपटातलं छोटं इंजिन. मोठी इंजिनं थांबली की वीज आणि एसीची हवा तेच देतं. सुरू व्हायला मिनिटभर तरी घेतं. हल्ली इंधन वाचवायला आपण ते उशिरा लावतो, शिवाय टॅक्सी करताना एक इंजिन बंद ठेवतो. मग कधी ग्राउंड (जमिनीवरच्या विमानांना वाट देणारा कंट्रोल) जवळचा रस्ता देतं, बे वाटलं त्याच्या आधीच येतो आणि हिशेब चुकतो. दुसरा हिशेब इंजिनाचा. एअरबस ए३२० वर इंजिन बंद करण्याआधी ते साधारण तीन मिनिटं आयडलला, म्हणजे सर्वांत कमी वेगावर, निवू द्यायचं असतं.

बेवर आल्यावर आठवलं तर घाबरू नका. चालू असलेलं इंजिन चालूच ठेवा, एपीयू लावा आणि 'अ‍ॅव्हेल'चा हिरवा दिवा येईपर्यंत इंजिनाच्या मास्टर स्विचला हात लावू नका. तोवर बीकन (विमानाचा लुकलुकणारा लाल दिवा) चालू, सीट बेल्टचा दिवाही चालू. खालची मंडळी ताटकळतील, ताटकळू द्या. बीकन पेटलेला असताना इंजिनाजवळ जायचं नाही एवढ्या एकाच भरवशावर ती माणसं काम करतात. डिसेंबर २०१५ मध्ये इथेच, मुंबईत, पुशबॅकच्या वेळी एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला होता.

आता थोडं मागे, रनवेवर. नव्या को-पायलटचा हात चाकं टेकताच फ्लॅपच्या (उतरताना पंखामागे बाहेर काढलेल्या पट्ट्यांच्या) लिव्हरकडे जातो. कशाला? ए३२० वर कप्तान स्पॉयलरची (पंखावर उभ्या राहणाऱ्या झडपांची) लिव्हर खाली करतो, तोच तुमचा इशारा. आणि कप्तानानेही तो इशारा आख्खं विमान, शेपटासकट, होल्डिंगच्या रेषेपलीकडे गेल्यावरच द्यावा. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ चे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकांचाच खटका ओढत आणि धडधाकट विमान रनवेवर पोट टेकून बसे. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दोन्ही खटके सारखेच आणि शेजारी शेजारी होते. त्याने एकाला चाकाचा आणि दुसऱ्याला पंखाचा आकार द्यायला सुचवलं. तुमच्या कॉकपिटमधल्या चाकांच्या लिव्हरला आजही गोल चाकासारखी मूठ आहे, ती त्यामुळेच.

टॅक्सीवेवरची सगळ्यात वाईट चूक म्हणजे दोघांनीही एकाच वेळी मान खाली घालणं. एक रेडिओवर, दुसरा एपीयूवर, कंपनीला बे विचारायचाय, आणि वळण निघून जातं. ६ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सला रात्री दाट धुक्यात युनायटेडचं बोइंग ७५७ उतरलं, वळण चुकलं आणि फिरून त्याच चालू रनवेवर येऊन उभं राहिलं. त्यांच्या अगदी जवळून फेडेक्सचं विमान उडून गेलं. आपण रनवेवर आहोत असं क्रू सांगत होता, पण टॉवरला काही ते चित्र जुळेना. पुढच्या विमानाला टॉवरने टेकऑफची परवानगी दिली, तेव्हा त्या क्रूने सरळ नकार दिला: ते विमान गेटवर पोचेपर्यंत आम्ही हलणार नाही. या प्रकरणात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या नकाराचा.

मुंबईत तर ०९/२७ आणि १४/३२ हे दोन रनवे एकमेकांना छेदतात. तेव्हा 'होल्ड शॉर्ट', म्हणजे रनवेच्या आधी थांबा, असं ऐकलंत की रनवेच्या नंबरासकट रीडबॅक द्या, म्हणजे सूचना परत म्हणा, नुसतं 'रॉजर' नको. कुठे आहोत याची शंका आली तर थांबा आणि सांगा. पण आपण रनवेवरच असू अशी शंका असेल, तर थांबण्याआधी सांगा.

केबिन क्रूकडे येतो. प्रवासी उठतात, बॅगा काढतात, हे कुणाला नवीन नाही. त्यांना बसवायला तुम्ही स्वतः उठू नका, जंप सीटवरूनच अनाउन्समेंट करा. कप्तानाने कचकन ब्रेक मारला तर पहिले तुम्हीच पडाल.

खरा घोळ दारांचा. दोन टोकांच्या चुका आहेत. पहिली, बेच्या आधीच स्लाइड (दारातली आणीबाणीची घसरगुंडी) डिसआर्म करणं, म्हणजे दार उघडलं तरी ती फुगू नये असं करणं, कारण 'आता काय होणार?' २० ऑगस्ट २००७ ला जपानमधल्या नाहा इथे चायना एअरलाइन्सचं ७३७ नीट उतरलं, नीट बेवर आलं आणि पेटलं. स्लॅट (पंखाच्या पुढच्या कडेचा सरकता भाग) आत घेताना एक सुटलेला बोल्ट इंधनाच्या टाकीत घुसला होता. सगळे १६५ जण वाचले, प्रवासी उतरले ते स्लाइडवरून.

दुसरी, आर्म असलेलं दार आतून उघडणं. समोर एरोब्रिजचा माणूस उभा असतो, स्लाइड काही सेकंदांत त्याच्या अंगावर फुगते. ए३२० वर हँडल किंचित उचलल्यावर 'स्लाइड आर्म्ड'चा पांढरा दिवा लागला, तर हँडल अलगद खाली ठेवा. तिथून पुढे गेलात तर दार हवेच्या दाबाने स्वतःच झटक्यात उघडतं. ते ओढून धरू नका, तुम्हीही बाहेर जाल. ७३७ वर दिवा नाही. तिथे गर्ट बार (स्लाइडला जोडलेली दांडी) जमिनीवरच्या ब्रॅकेटमधून काढून दारावर अडकवायचा आणि खिडकीवरची लाल पट्टी बाजूला करायची.

'क्रॉस-चेक', म्हणजे समोरच्याचंही दार तपासलं, हा शब्द बऱ्याच क्रूमध्ये आरतीतल्या टाळ्यांसारखा झालाय, सगळे म्हणतात म्हणून म्हणायचा. समोरच्या दारापर्यंत मान वळवा, लिव्हरकडे बोट दाखवा, मग बोला. मी कॉकपिटचं दार उघडून बाहेर आल्यावर कुणी बोट दाखवताना दिसलं की मला बरं वाटतं.

आणि निघताना टेक लॉग, म्हणजे बिघाड लिहायची वही. गॅलीतला कॉफी मेकर गळतोय हे तीन क्रूंना माहीत असतं आणि वहीत एकानेही लिहिलेलं नसतं. गाडी पाच मिनिटं थांबते. लिहा.