एचआयव्हीवर संशोधन करताय? प्रश्नावली छापायला टाकण्याआधी या चुका टाळा

प्रबंधाचा खर्डा वाचायला आला की मी आधी परिशिष्ट उघडते. प्रश्नावली तिथे असते. आधीची अडीचशे पानं कितीही घोटून लिहिलेली असोत, संशोधनाचा जीव त्या चार-पाच पानांत असतो. एचआयव्हीचं शिक्षण, प्रतिबंध आणि कलंक या विषयांवरच्या कामात बहुतेक घोळही तिथेच सापडतो. आणखी एक गोष्ट आहे. या विषयात चुकीचा प्रश्न नुसती चुकीची माहिती आणत नाही, ज्या कलंकाचा अभ्यास करायला आपण निघालोय तोच कलंक हा प्रश्न स्वतः पसरवू शकतो.

एका प्रश्नावलीतलं हे विधान पाहा : ‘एचआयव्ही असलेल्या व्यक्तीशी कंडोमशिवाय शरीरसंबंध आल्यास संसर्ग होतो. बरोबर / चूक / माहीत नाही.’ उत्तरतालिकेत ‘बरोबर’ला एक गुण. एका उत्तरदात्याने ‘चूक’वर खूण केली होती आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘औषधं नियमित चालू असतील आणि व्हायरल लोड सापडत नसेल, तर नाही.’ (व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण.) त्याला शून्य मिळालं. सगळ्या नमुन्यात ज्याला विषय सर्वात जास्त कळत होता, तोच त्या तक्त्यात ‘अपुरं ज्ञान’ या रकान्यात जाऊन बसला.

उत्तरतालिका जुनी, शास्त्र पुढे गेलेलं

ही चूक मला सर्वात जास्त वेळा दिसते. कारण साधं आहे. आधीच्या प्रबंधातली प्रश्नावली उचलायची, त्या प्रबंधानेही ती आणखी आधीच्या प्रबंधातून उचललेली. ‘प्रमाणित साधन’ म्हटलं की कुणी आत डोकावत नाही.

मधल्या काळात काय झालं ते बघा. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, लवकर सुरू केली तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हे २०११ साली एचपीटीएन ०५२ या चाचणीतून पुढे आलं. मग ‘पार्टनर’ अभ्यासाचे निकाल दोन टप्प्यांत, २०१६ आणि २०१९ साली, प्रसिद्ध झाले. एक जोडीदार पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह, व्हायरल लोड औषधांनी दबलेला आणि कंडोम नाही, अशी ही जोडपी. हजारो संबंधांची नोंद झाली. पॉझिटिव्ह जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेला संसर्ग किती? शून्य. निगेटिव्ह जोडीदारांपैकी काहींना संसर्ग झाला होता, पण विषाणूंची जनुकीय जुळणी केल्यावर तो बाहेरून आल्याचं दिसलं. ‘व्हायरल लोड सापडत नसेल तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही’ हे आता जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. हे लैंगिक संबंधांपुरतं आहे, बरं का. एकच सुई अनेकांनी वापरणं किंवा स्तनपान यांना हाच शून्य लावला की दुसरी चूक झाली.

विंडो पिरियड, म्हणजे संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंतचा काळ, त्याचंही तसंच. ‘तीन महिन्यांनंतरच टेस्ट करावी’ हे सरसकट बरोबर धरता येत नाही. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणाऱ्या अँटिजेन-अँटिबॉडी चाचणीत संसर्ग साधारण १८ ते ४५ दिवसांत कळू शकतो. पेप, म्हणजे संसर्गाचा धोका घडून गेल्यावर घ्यायचं प्रतिबंधक औषध, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं. प्रेप, म्हणजे धोक्याच्या आधीपासून घ्यायचं प्रतिबंधक औषध, तर कित्येक प्रश्नावल्यांत शोधूनही सापडत नाही. उलट ‘डास चावल्याने एचआयव्ही होतो का’ हा प्रश्न हटकून असतो. जिथे सगळ्यांनाच त्याचं उत्तर येतं, तिथे त्यातून कुणाच्या ज्ञानात काय फरक आहे ते कळत नाही.

उपाय : प्रश्नावलीच्या कामाच्या प्रतीत प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने ठेवा. ‘हे बरोबर का’ आणि ‘हे कोणत्या वर्षी तपासलं’. माहिती आधीच गोळा झाली असेल तर उत्तरतालिका गुपचूप बदलू नका. तो प्रश्न गुणांकनातून काढा, काढण्याआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही निकाल मांडा आणि पद्धतीच्या प्रकरणात तसं लिहा. चूक झाल्याबद्दल परीक्षक फारसा ओरडत नाही. लपवलेली सापडली की मात्र व्हायवा लांबतो.

सत्र संपलं, परीक्षा घेतली, गुण वाढले

एक तासाचं सत्र, त्याआधी आणि नंतर तीच वीस प्रश्नांची चाचणी, सरासरी ११ वरून १७. पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) बारीकशी. निष्कर्ष : ‘हस्तक्षेप परिणामकारक ठरला.’ खरं तर त्या मुलांना तासाभरापूर्वी ऐकलेलं आठवत होतं, एवढंच सिद्ध झालं. नियंत्रण गट आणि निदान तीन-सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी नसेल, तर ‘ज्ञान’ या शब्दापुढे जाऊ नका. ‘वर्तनात बदल’ हे शब्द तर लिहूच नका.

वर्तन विचारलं असेल तरी सांभाळून. या बाबतीत ‘व्हॉइस’ चाचणीचं उदाहरण मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना देते. ५,०२९ स्त्रियांचा सहभाग असलेली प्रतिबंधक औषधांची ही चाचणी. स्त्रियांना विचारलं तर औषध ९० टक्के घेतलं जातंय असं दिसत होतं. परत आलेल्या गोळ्या मोजल्या तरी आकडा तसाच. मग रक्तातलं औषध तपासलं. ते जेमतेम पाव ते एक तृतीयांश नमुन्यांत सापडलं. चाचणीत औषधाचा परिणाम दिसला नव्हता, आणि त्यामागे औषध घेतलंच जात नव्हतं हे मोठं कारण निघालं.

या बायका खोटारड्या होत्या का? हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच, आणि तोच चुकीचा प्रश्न आहे. नंतरच्या मुलाखतींत पुढे आलं की घरात एआरव्हीची (एचआयव्हीवरच्या औषधांची) बाटली दिसली तर लोक आपल्यालाच पॉझिटिव्ह समजतील, ही धास्ती अनेकींना होती. म्हणजे गोळी पोटात न जाण्यामागे कलंक होता, आणि संशोधकाला ‘घेते’ असं सांगण्यामागे समोरच्याला वाईट वाटू नये हा भिडस्तपणा. तोंडी सांगितलेलं वर्तन मोजायचंच असेल तर नाव नसलेला कागद, बंद पेटी किंवा इअरफोनवर प्रश्न ऐकून स्वतःच बटण दाबायची सोय वापरा. जमेल तिथे दुसरा, न विचारता मोजता येणारा पुरावा जोडा.

कलंकाचा एकच आकडा

‘भाजीवाल्याला एचआयव्ही आहे हे माहीत असताना तुम्ही त्याच्याकडून भाजी घ्याल का?’ हा प्रश्न जगभरच्या सर्वेक्षणांत असतो आणि तुलनेसाठी तो ठेवण्यात काही वावगं नाही. पण त्यावर ‘हो’ म्हणायला काही लागत नाही. अशा तीन प्रश्नांवरून ‘कलंक निर्देशांक’ काढून गावावर शिक्का मारायचा, हे बरं नव्हे.

कलंक कुणाच्या बाजूने मोजताय ते आधी ठरवा. लोकांच्या मनातला पूर्वग्रह ही एक गोष्ट. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष मिळालेली वागणूक ही दुसरी. ‘कळलं तर काय होईल’ ही भीती तिसरी. आणि ‘माझीच लायकी नाही’ असं आतून वाटायला लागणं ही चौथी, सर्वात चिवट. या चारही गोष्टी एकदम वाढत किंवा घटत नाहीत. प्रत्यक्ष भेदभाव कमी नोंदला गेला तर तो खरंच कमी झालाय, की लोकांनी सांगणंच बंद केल्यामुळे तशी वेळ येत नाही, हे एका आकड्यातून कळणार नाही.

बर्जर यांची २००१ सालची ४० विधानांची मापनश्रेणी याच कामासाठी प्रसिद्ध आहे. ती एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी बनवलेली आहे. तरी ती सर्वनामं बदलून कॉलेजातल्या मुलांकडून भरून घेतलेली मी पाहिली आहे. ‘मला एचआयव्ही असल्याचं सांगताना मी जपून असतो’चं झालं ‘त्यांनी जपून असावं’. आता ते विधान काय मोजतंय, देव जाणे.

आरोग्यसेवेतला कलंक मोजायचा असेल तर मतं कमी विचारा, कृती जास्त. ‘सर्व रुग्णांना समान वागणूक द्यावी असं वाटतं का’ याला कोण नाही म्हणेल? त्याऐवजी गेल्या महिन्यात एचआयव्ही असलेल्या रुग्णाचं रक्त घेताना दोन-दोन हातमोजे घातले का, केसपेपरवर वेगळी खूण केली का, हे विचारा.

भाषांतर : इथे खरी माती होते

‘कलंक’ हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात ठीक आहे. मुलाखतीत तो आला की बिघडतं. ‘एचआयव्हीमुळे तुम्हाला कलंक वाटतो का?’ असं विचारलं की समोरच्याच्या कपाळावर डाग आहे हे आपण गृहीत धरून बसलो. एका बाईंनी या प्रश्नावर शांतपणे विचारलं होतं, ‘मी काय केलंय?’ मुलाखत तिथेच संपल्यात जमा होती. त्याऐवजी घडलेलं विचारा : नातेवाइकांच्या घरी तुमचा पेला वेगळा ठेवला गेला का? एखाद्या कार्याला बोलावणं टाळलं का? डॉक्टरांनी हात न लावता तपासलं का?

‘बाधित’ या शब्दापासूनही सावध राहा. ‘बाधित मुलं’ म्हणजे ज्यांना स्वतःला संसर्ग आहे ती, की ज्यांच्या आईवडिलांना आहे ती? एका माहितीसंचात दोन प्रगणकांनी दोन अर्थ घेतले होते आणि ते कळलं विश्लेषणाच्या वेळी. ‘एचआयव्हीग्रस्त’, ‘एड्सचे बळी’ हे टाळाच. ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ लांब वाटतं, पण अंगवळणी पडतं. ‘एचआयव्ही/एड्स’ अशी जोडगोळीही नको. विषाणू वेगळा, आजाराची ती अवस्था वेगळी, आणि औषधं वेळेवर चालू असलेले बहुतेक जण त्या अवस्थेला कधी पोहोचतही नाहीत.

उलट अर्थाची विधानं मराठीत आणताना ‘लोक मला टाळत नाहीत असं मला वाटत नाही’ अशी वाक्यं तयार होतात. सहमत की असहमत, हे मलाही पेन्सिल घेऊन ठरवावं लागतं. क्रोनबाख अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, अचानक कोसळला तर आधी हीच विधानं तपासा. ती वगळून अल्फा पुन्हा काढून बघा. दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून घेतलं म्हणून हे टळत नाही, कारण इंग्रजीत परत जाताना वाक्य पुन्हा सुतासारखं सरळ होतं. आठ-दहा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि ‘तुम्हाला यातून काय विचारलंय असं वाटलं?’ एवढंच विचारा. दोन दुपारी जातात, पण सहा महिने वाचतात.

वर्ग निवडले, मुलं मोजली

हे थोडक्यात, पण परीक्षक इथे नेमकं बोट ठेवतात. १५ वर्ग चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले, प्रत्येक वर्गात ४० मुलं, आणि विश्लेषण केलं ६०० सुट्या मुलांसारखं. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. वर्गांतर्गत सहसंबंध, म्हणजे या सारखेपणाचं माप, ०.०५ इतका किरकोळ धरला तरी आराखडा-परिणाम (नमुना किती पटीने आटतो ते) १ + ३९ × ०.०५ म्हणजे २.९५ येतो. तुमची ६०० मुलं सांख्यिकीच्या दृष्टीने जेमतेम २०३ उरली. माहिती गोळा झाल्यावर हे लक्षात आलं तर बहुस्तरीय प्रतिमान (मुलं आणि वर्ग असे दोन्ही स्तर धरणारं) वापरा आणि विश्वास-अंतर, म्हणजे अंदाजाची कक्षा, रुंद झालं तर होऊ द्या.

साखळी पद्धतीने (एकाने ओळखीच्या दुसऱ्याला आणायचं) नमुना घेतला असेल तर त्याला उगाच ‘रिस्पॉन्डंट ड्रिव्हन सॅम्पलिंग’ म्हणू नका. कुणी कुणाला आणलं याची कुपनं आणि प्रत्येकाच्या ओळखीतल्यांची संख्या नोंदली नसेल, तर तो साधा स्नोबॉल आहे. तसंच लिहा.

‘एचआयव्ही अभ्यासातून बोलतोय’

सहा महिन्यांनंतरच्या फेरीसाठी संशोधन सहायक फोन करतो. फोन सासू उचलते. तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘एचआयव्ही अभ्यासातून बोलतोय, त्या आहेत का?’ नैतिकता समितीची मंजुरी, कुलूपबंद कपाट, पासवर्ड, सगळं व्यवस्थित होतं. फोनवर काय बोलायचं हे तेवढं कुणी लिहून दिलं नव्हतं. ते लिहून द्या. अभ्यासाला ‘आरोग्य आणि कुटुंब’ असं सपक नाव द्या आणि तेच संमतीपत्राच्या मथळ्यावर, पाकिटावर, संदेशात वापरा. आत मात्र विषय स्पष्ट सांगा, नाहीतर ती संमती नव्हेच. फोन कुणी उचलला तर चालेल, निरोप ठेवायचा की नाही, हे पहिल्या भेटीतच विचारून ठेवा. सही हाच एकमेव ओळखीचा पुरावा होणार असेल, तर तोंडी संमतीची परवानगी समितीकडे मागता येते.

लोकांना शेवटी विचारणं

१९८३ साली डेन्व्हरमध्ये एड्स असलेल्या लोकांनी स्वतःच जाहीर केलं होतं की आम्हाला ‘बळी’ म्हणू नका आणि निर्णयांत सामील करून घ्या. १९९४ च्या पॅरिस परिषदेत अनेक सरकारांनी त्यांच्या सहभागाच्या तत्त्वावर सह्या केल्या. तरीही कंबोडियात २००४ साली आणि कॅमेरूनमध्ये २००५ साली प्रेपच्या चाचण्या लोकांच्या विरोधामुळे बंद पडल्या. चाचणीदरम्यान संसर्ग झाला तर उपचार कोण करणार, आम्हाला आधी का विचारलं नाही, असे साधे प्रश्न होते. त्यातूनच पुढे २००७ साली सहभागी पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वं आली. तुमचा प्रबंध त्या मानाने छोटा आहे, पण प्रश्नावली छापायच्या आधी एचआयव्हीसह जगणाऱ्या तिघा-चौघांना मानधन देऊन ती वाचायला द्या. माझ्या अनुभवात एकही प्रश्नावली त्यांच्या हातून जशीच्या तशी परत आलेली नाही.

निकालही त्यांच्याकडे न्या, आणि प्रबंध जमा करण्याआधी न्या. एका अशाच बैठकीत तक्ते वाटले होते. सगळे उठल्यावर एक बाई मागे थांबल्या. तक्ता ४ मधल्या ‘पदव्युत्तर, विधवा, वय ३० ते ३४ : १’ या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘ही मीच ना?’ त्या रात्री बसून आम्ही वयोगटांच्या ओळी एकत्र केल्या, वैवाहिक स्थितीचा रकाना काढला आणि पाचपेक्षा कमी संख्या असलेला एकही चौकोन ठेवला नाही. वाटलेल्या प्रती दुसऱ्या दिवशी एकेक करून परत गोळा केल्या. दोन मिळाल्या नाहीत.