शेवंतीवर मावा, गुलाबात फुलकिडे: फवारणीचा पंप काढण्याआधी कळी बघा

मार्गशीर्षातले गुरुवार जवळ आले की आपलं लक्ष शेवंतीच्या कळ्यांकडे जातं. माव्याचंही, म्हणजे कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचंही, तिकडेच असतं. दोन दिवस आभाळ राहिलं, सकाळी धुकं पडलं की त्याची पैदास जोर धरते. मादी नराशिवायच थेट पिल्लं घालते, म्हणून आज चार दिसले तर आठवड्यात अख्खा शेंडा काळपट होतो. कुंडीवर मुंग्यांची रांग चढताना दिसली की त्या रांगेमागे जा. ती माव्याच्या गोड चिकट्याकडेच निघालेली असते. पुढे त्याच चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि पानं काजळल्यासारखी दिसतात.

सुरुवात असेल तर औषध लागत नाही. शेंडा बोटांत धरून सकाळी पाण्याची जोरकस धार मारा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा. फारच भरलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. तरीही मावा उरला तर ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून पिळा, एकूण पाणी १ लिटर करा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूने फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपण्याची भीती, शिवाय मधमाश्या फुलांवर असतात.

माव्यात एखादी करड्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी दिसणारी अळी फिरत असेल तर तिला मारू नका. ती ढालकिड्याची म्हणजे लेडीबर्डची अळी, मावा खाऊनच वाढते. ‘नवीन कीड आली’ म्हणून लोक नेमकी हिलाच चिरडतात.

गुलाबाचं दुखणं वेगळं. कळी नीट उमलत नाही, पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात, आणि वरून काहीच दिसत नाही. कळी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट, पिवळसर किडे पळू लागले तर ते फुलकिडे. ते मिटलेल्या पाकळ्यांत बसतात, तिथे फवारा पोचत नाही. उमललेल्या फुलावर पंप मारणं म्हणजे पैसे पाण्यात. खराब फुलं-कळ्या तोडून झाडाबाहेर काढा, बुंध्याशी टाकू नका. निंबोळी अर्क कळी वाटाण्याएवढी असतानाच मारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. निळे चिकट सापळे झाडाच्या उंचीला लावा. पिवळे माव्यासाठी आणि पांढऱ्या माशीसाठी.

जास्वंदीवर कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. अंगावरच्या मेणामुळे त्याच्यावर नुसतं पाणी टिकत नाही. दोन-चार कुंड्या असतील तर स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने पुसून काढा.

आणि युरियाचा हात आखडता घ्या. कोवळी, रसरशीत फूट माव्याला फार आवडते. गुलकंदासाठी पाकळ्या काढणार असाल तर त्या झाडांना रासायनिक कीटकनाशक लावूच नका.