ज्या कामासाठी कुणाचा फोन येत नाही

छपाईचा व्यवसाय सुरू केला तेव्हा पहिले आठ-नऊ महिने माझा दिवस फोन ठरवायचा. ज्याचा फोन आधी, त्याचं काम आधी. दुपारी कुणी चिडून विचारलं, "अजून प्रूफ (छपाईआधी तपासायचा नमुना) नाही आलं?" की हातातलं टाकून मी त्याच्या मागे. मग एका महिनाअखेरीला कागदवाल्याचे पैसे द्यायची वेळ आली आणि खात्यात तेवढे नव्हते. ऑर्डरी तर भरपूर होत्या. वही घेऊन बसले तेव्हा कळलं, अकरा कामं पोचवून झाली होती आणि त्यांची बिलंच मी पाठवली नव्हती.

बिल पाठवा म्हणून ग्राहक कशाला फोन करेल? कोटेशन राहिलं तर तो एकदा विचारतो आणि दुसरीकडे जातो. मशीन तेल मागत नाही, एकदम बंदच पडतं. धंदा ज्यांच्यावर उभा असतो ती बरीचशी कामं अशी मुकी असतात, आणि रोज पहिला मान त्यांना द्यावा लागतो, हे मला पैसे अडकल्यावर उमगलं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर १९५४ च्या एका भाषणात तातडीचं आणि महत्त्वाचं यांतल्या फरकाबद्दल बोलले होते. पुढे त्यांच्या नावाने, कामं तातडीची आहेत का आणि महत्त्वाची आहेत का यावरून वाटणारा चार चौकोनांचा तक्ता प्रसिद्ध झाला. तो मी भिंतीवर लावून पाहिला. पण त्यातला 'दुसऱ्यावर सोपवा' हा चौकोन हाताशी एकच मदतनीस असलेल्या माणसाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

आता संध्याकाळी मशीन बंद केल्यावर पंधरा मिनिटं वही घेऊन बसते. सकाळी नाही, कारण सकाळी फोन सुरू झालेले असतात. तीनच गोष्टी बघते: पैसा कुठे अडकलाय, माझ्यामुळे कुणाचं काम थांबलंय, आणि कोणती तारीख हलणार नाही. यातली दुसरी गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. मी एक प्रूफ पास केलं नाही म्हणून मदतनीस तासभर बसून राहिला, तर पाच मिनिटांचं ते काम दिवसातलं सर्वांत महागडं ठरतं. ते आधी उरकायचं, मग बिलं आणि वसुली, आणि तोवर फोन बंद.

फोन बंद ठेवायची सुरुवातीला भीती वाटायची. पण लोक वाट पाहायला तयार असतात. वेळ मात्र नेमकी सांगावी लागते. "बघते" म्हटलं की दिवसातून चारदा विचारणा होते. "चार वाजता पाठवते" म्हणून चारला पाठवलं की होत नाही.

दुसऱ्या दिवसाच्या कामांची यादी भरताना हात आखडता ठेवा. कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या चुकीला नाव दिलंय. मी दोन आठवडे घड्याळ लावून नोंदी केल्या. अर्ध्या तासाच्या म्हणून धरलेल्या दुरुस्त्यांना बहुतेक वेळा तासाच्या वर लागत होता. तेव्हापासून अर्धाच दिवस भरते, उरलेला फोनवाल्यांसाठी मोकळा.

एखादं काम सलग तीन दिवस पुढे ढकललं गेलं, तर चौथ्या दिवशी ते यादीत लिहीत नाही. ग्राहकाला फोन करून सांगते, हे काम माझ्याकडून होणार नाही, तुम्ही दुसरीकडे द्या. हा फोन करणं मला अजूनही जड जातं, म्हणून तो सकाळी सगळ्यांत आधी करते.