चेक इंजिनचा पिवळा दिवा: खिशाला कात्री न लावता दोष कसा शोधावा

गेल्या पावसाळ्यात माझ्या पेट्रोल हॅचबॅकच्या मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा 'चेक इंजिन' दिवा पेटला. पिकअप नेहमीचाच होता, आवाजही बदललेला नव्हता. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, गाडीच्या संगणकानं नोंदवलेला दोषाचा कोड निघाला आणि मिनिटभरात उत्तर मिळालं, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." धुरातला ऑक्सिजन मोजणारा हा सेन्सर आणि मजुरी मिळून नऊ हजार. मी गाडी तशीच घरी आणली. दोन दिवसांनी खरा दोष सापडला: सेन्सर शाबूत होता, त्याची वायर उंदरानं कुरतडली होती. दोनशे रुपयांच्या आत काम झालं.

कोड तुम्हाला घराचा पत्ता देतो. त्या घरातलं कोण आजारी आहे, ते तपासूनच कळतं. पार्ट विकत घेण्याआधी ही तपासणी करायची, एवढं पाळलं तरी बहुतेक वायफळ खर्च वाचतो.

आधी दिवा कसा पेटलाय ते बघा

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर घाबरू नका. सावकाश घरी जा, तपासणी आज-उद्या करा. दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो जळू शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, म्हणून तो इतका महाग. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा पेटला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा.

गाडी वॉरंटीत असेल तर हा लेख इथेच थांबवून सर्व्हिस सेंटरला जा. वायरीला हात लावून हक्क घालवू नका.

बॉनेट उघडा, हातात फक्त टॉर्च

इंजिन थंड असताना पंधरा मिनिटं नीट बघा. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा लागल्यात का? सर्व्हिसिंगनंतर एखादी हमखास उघडी राहते. तिथून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप निसटला किंवा चिरला आहे का? बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का? वायरीच्या गुंडाळीत सुतळीचे धागे, लेंड्या, कागदाचे तुकडे दिसले, तर उंदीर आलाच समजा. वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरनं इंजिन धुतल्यानंतर दिवा लागला असेल, तर स्पार्क प्लगच्या खोबणीत आणि प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलच्या कनेक्टरमध्ये पाणी शोधा. ते सुकवल्यावर अनेकदा तक्रार संपते.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, हा इंटरनेटवरचा सल्ला बहुतेक अमेरिकेतून येतो. तिथल्या गाड्या टाकीतल्या वाफेची गळतीही तपासतात. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत ती तपासणी नसते, त्यामुळे झाकण जरूर बघा, पण त्यावर विसंबू नका.

कोड स्वतः वाचा

भारतात एप्रिल २०१३ पासून मोटारींना ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचे दोष ओळखून कोडमध्ये नोंदवण्याची पद्धत) लागू झालं. त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट सापडेल. त्यात बसणारा ब्लूटूथचा ईएलएम ३२७ ॲडॉप्टर पाचशे ते दीड हजार रुपयांत मिळतो. अगदी स्वस्तातल्या काही नकला सगळ्या गाड्यांशी बोलत नाहीत, म्हणून परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या. आयफोन असेल तर वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई असलेला ॲडॉप्टर लागतो, साधा ब्लूटूथवाला चालत नाही. फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप पुरेसं आहे.

चावी ऑन करा, ॲप जोडा, कोड वाचा. आता सगळ्यात महत्त्वाचं: लगेच 'क्लिअर' दाबू नका. कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' नावाची नोंद असते. दोष आला त्या क्षणी इंजिनचे मिनिटाला फेरे किती, तापमान किती, गाडीचा वेग किती, हे त्यात लिहिलेलं असतं. क्लिअर केलं की ही नोंद पुसली जाते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्यातही हाच तोटा आहे. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

कोडवरून पार्टपर्यंत

पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे एक ते चार यांपैकी त्या-त्या नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत याची फुकटची परीक्षा आहे. समजा पी०३०१ आलाय. चावी बंद, इंजिन थंड. एक आणि दोन नंबरच्या कॉइल अदलाबदल करा. बहुतेक गाड्यांत दहाचा पाना पुरतो. कनेक्टरची कडी दाबून काढा, वायर ओढू नका. कोड पुसा, गाडी थोडी चालवा. आता पी०३०२ आला तर कॉइलच खराब आहे, एकच बदला. पी०३०१ कायम राहिला तर त्याच पद्धतीनं प्लगची अदलाबदल करून बघा. तरीही कोड हलला नाही, तर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची किंवा कॉम्प्रेशनची (सिलिंडरमधल्या दाबाची) शंका येते, आणि ते काम मेकॅनिकचं.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ॲपमध्ये 'फ्युएल ट्रिम' उघडा, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. हा आकडा साधारण उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असावा. गाडी उभी असताना, आयडलिंगला तो वीसच्या पुढे असेल आणि मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर खाली येत असेल, तर कुठून तरी चोरून हवा आत शिरतेय. इंजिन चालू ठेवून इंजिनला हवा नेणाऱ्या (इनटेकच्या) पाइपांजवळ सूं असा बारीक आवाज ऐका. हात आणि कपडे फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा. याउलट गाडीवर जोर आला की आकडा वाढत असेल, तर गाडीतल्या पेट्रोलच्या फिल्टरकडे आणि पंपाकडे बघा.

सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आणखी एक गोष्ट करा. ट्रिमचे आकडे आधी सीएनजीवर, मग पेट्रोलवर लिहून घ्या. पेट्रोलवर सगळं ठीक आणि गॅसवरच बिघडत असेल, तर सेन्सर बदलू नका, किटवाल्याकडून ट्युनिंग करून घ्या.

पी०४२० हा कन्व्हर्टरचा कोड, आणि इथेच सगळ्यात मोठं बिल फाटतं. आधी मिसिंगचा दुसरा कोड नाही ना, एक्झॉस्ट कुठे फुटलेला नाही ना, हे बघा. इंजिन गरम झाल्यावर ॲपमध्ये दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या (पुढच्या) आणि नंतरच्या (मागच्या) सेन्सरचे आलेख लावा. अनेक गाड्यांत पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो आणि मागचा बराचसा स्थिर असतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल, तरच कन्व्हर्टरवर संशय घ्या.

माझ्या गाडीचा कोड होता पी०१३५, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला तापवणाऱ्या हीटरचं सर्किट. त्यात 'सर्किट' हा शब्द आहे. म्हणजे हीटर, वायर, कनेक्टर आणि फ्यूज, चौघेही संशयित. फ्यूज उडालेला निघाला. नवा घातला, तोही चावी फिरवताच उडाला. सेन्सरचा कनेक्टर सोडवून हीटरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला तर सात ओहम दाखवले. हीटर तुटला असता तर मीटरवर काहीच आलं नसतं. राहिली वायर. ती बोटांनी चाचपत इंजिनमागे गेलो, तेव्हा एका ब्रॅकेटपाशी दोन बोटं लांबीचं आवरण गायब होतं. आतलं तांबं हिरवं पडून लोखंडाला टेकलं होतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून तेवढा तुकडा बदलला, सोल्डर केलं, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवली. साडेतीनशेचा मल्टिमीटर मात्र घरात आधीपासून होता, तो नसता तर मीही सेन्सरच घेतला असता.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा आणि दोन-चार दिवस शहरात, हायवेवर, दोन्हीकडे गाडी चालवा. तुम्ही कोड पुसला नाही तरी दोष खरंच गेला असेल, तर गाडी चालवण्याच्या साधारण सलग तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो.

गॅरेजला जावंच लागलं, तर "दिवा लागलाय, बघा" एवढंच सांगू नका. कोड सांगा, फोटो दाखवा, काय तपासलं ते सांगा. "दादा, कॉइल अदलाबदल करून पाहिल्या, कोड हलला नाही" असं ऐकलं की चांगला मेकॅनिक पुढच्या पायरीपासून सुरुवात करतो, आणि तेवढी मजुरी वाचते. पार्ट बदलला तर जुना मागून घ्या.

ॲडॉप्टर काम झाल्यावर काढून ठेवा. त्या सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट मिळतो, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.