पूल शिकवणारा शोधताना: पैसे कुणाला द्यावेत, कशाचे आणि कसे

दीड वर्षं मी कर्वे रस्त्याजवळच्या एका पार्लरमध्ये आठवड्यातून दोनदा पूल, म्हणजे क्यूने (लांब काठीने) पांढरा बॉल मारून रंगीत बॉल टेबलाच्या पॉकेटात घालायचा खेळ, खेळत होते आणि माझा खेळ होता तिथेच होता. सोपे बॉल जायचे, अवघड कधीमधी जायचे, आणि शेवटचे तीन-चार उरले की पांढरा नेमका कुणाच्या तरी मागे जाऊन अडकायचा. सोबतचे म्हणायचे, खेळत राहा, येईल आपोआप. नाही आलं. चुकीची सवय दीड वर्षं गिरवली की ती पक्की होते, माझंही तेच झालं. शेवटी पैसे देऊन शिकायचं ठरवलं. त्यात आधी पैसे गेले आणि मग चांगला शिकवणारा मिळाला. नव्याने सुरुवात करणाऱ्या कुणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

शोधायला निघालात की पहिली अडचण शब्दाचीच येते. पुण्यात ‘पूल शिकायचंय’ म्हटलं की समोरचा जवळच्या जलतरण तलावाचा पत्ता देतो, आणि फोनवर शोधलं तरी पोहायला शिकवणारेच समोर येतात. त्यामुळे विचारताना ‘बिलियर्ड्स-स्नूकर शिकवणारं कुणी आहे का?’ असं विचारा. असं विचारायला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे मनापासून शिकवणारी बहुतेक माणसं स्नूकरमधून आलेली असतात. पूना क्लब, डेक्कन जिमखाना, पी. वाय. सी. हिंदू जिमखाना अशा जुन्या संस्थांमुळे बिलियर्ड्स-स्नूकर या शहराला नवं नाही. पूलची टेबलं पार्लरमधून सगळीकडे पसरली ती त्यानंतर. भारताचा कुठल्याही खेळातला पहिला वैयक्तिक विश्वविजेता, विल्सन जोन्स, जन्मला तो पुण्यातच, १९२२ साली. १९५८ आणि १९६४ असं दोनदा त्यांनी जागतिक हौशी बिलियर्ड्सचं विजेतेपद मिळवलं आणि पुढे १९९६मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, म्हणजे शिकवण्यासाठी. अनेकदा विश्वविजेता ठरलेल्या पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचा, पण खेळ घडला बंगळुरूला, अरविंद सवूर यांच्या हाताखाली. इतक्या वरच्या खेळाडूलाही बाजूला उभं राहून बघणारं कुणीतरी लागलं, मग आपल्याला ते लागलं तर त्यात कमीपणा वाटून घेऊ नये.

क्लबातली टेबलं सभासदांसाठी असतात, आपल्यासारख्याला सहसा सभासदाचा पाहुणा म्हणूनच आत जाता येतं. पण क्लबांमुळे या शहराला एक गोष्ट मिळाली आहे, ती म्हणजे मार्कर. टेबल झाडणं, कापड साफ ठेवणं, गुण मांडणं, आणि सभासदाला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळणं, असं वर्षानुवर्षं केलेली ही माणसं. शेकडो लोकांचे हात त्यांनी जवळून बघितलेले असतात. निवृत्त झालेला किंवा नोकरी सोडलेला एखादा मार्कर तुमच्या भागातल्या पार्लरमध्ये संध्याकाळी बसत असेल, तर त्याची चौकशी सगळ्यात आधी करा. माझे काका (मी त्यांना काकाच म्हणते) असेच भेटले. पार्लरच्या काउंटरवर विचारण्यापेक्षा, दुपारी शांतपणे एकटा सराव करणाऱ्या माणसाला विचारलेलं बरं. असा माणूस कुणाकडून तरी शिकलेला असतो.

आता माझी चूक सांगते. पहिल्यांदा मी निवडला तो त्या पार्लरमधला सगळ्यात भारी खेळणारा मुलगा. माझ्यासमोर त्याने ब्रेक (डावाचा पहिला फटका) करून एकामागून एक सगळे बॉल घेतले आणि मी त्याच दिवशी बारा धड्यांचे ९,००० रुपये देऊन टाकले. धड्यात व्हायचं असं की मी चुकले की तो म्हणायचा, ‘असं नाही, हे बघा,’ आणि स्वतः मारून दाखवायचा. बॉल जायचा. मी बघायचे. पुन्हा माझी पाळी, पुन्हा चूक, पुन्हा ‘हे बघा’. सात धडे झाले आणि त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. उरलेल्या पाच धड्यांचे ३,७५० रुपये मागितले तेव्हा पार्लरचे मालक म्हणाले, तो व्यवहार तुमचा आणि त्याचा, आमचा संबंध नाही. माझ्याकडे कागद नव्हता, साधा मेसेजसुद्धा नव्हता. सीएच्या ऑफिसात दिवसभर मी लोकांना पावत्या मागते, आणि इथे मीच घेतली नव्हती. पैशांचं वाईट वाटलंच, पण त्या सात धड्यांत माझ्या हाताकडे एकदाही कुणी बघितलं नव्हतं, याचं जास्त वाटलं.

उत्तम खेळणारा आणि उत्तम शिकवणारा एकच असेल असं नाही, हे सगळेच म्हणतात. पण ओळखायचं कसं? मला सापडलेली खूण अशी: तुम्ही मारत असताना तो कुठे उभा राहतो आणि कुठे बघतो ते बघा. रंगीत बॉल पॉकेटात जातोय का एवढंच बघत असेल, तर तो प्रेक्षक आहे. शिकवणारा आधी तुमच्या मागे उभा राहतो, मग समोर जातो, मग कोपराच्या बाजूला येतो. बॉल गेला की नाही याकडे त्याचं फारसं लक्षच नसतं.

काकांचा पहिला धडा मला अजून जसाच्या तसा आठवतो. मी रंगीत बॉल मांडायला लागले तर त्यांनी सगळे उचलून बाजूला ठेवले. टेबलावर एकटा पांढरा. समोरच्या कडेला, म्हणजे कुशनला, बोट दाखवत म्हणाले, ‘मॅडम, हा सरळ समोरच्या कुशनला मारा. सरळ परत आला पाहिजे, तुमच्या क्यूच्या टोकावर.’ मला वाटलं, एवढंच? मारला. पांढरा गेला नाकासमोर, पण येताना वीतभर उजवीकडे आला. दुसऱ्यांदा तेच. दहा वेळा मारला, त्यातले आठ उजवीकडे. काका म्हणाले, ‘तुम्ही मधोमध मारताय असं तुम्हाला वाटतंय. लागतोय मात्र उजव्या अंगाला. जाताना कळत नाही, कुशनला लागला की ती साइड, म्हणजे बाजूने लागल्याने आलेली फिरकी, बोलते.’ मग त्यांनी माझाच फोन मागून घेतला, माझ्या पाठीमागून वीस सेकंदांचं चित्रण केलं आणि दाखवलं. नेम धरताना क्यू अगदी सरळ होता. शेवटच्या क्षणी माझी मूठ आवळली जात होती, मनगट वळत होतं आणि टोक किंचित उजवीकडे सरकत होतं. दीड वर्षं हेच चाललं होतं, आणि मी दोष देत होते माझ्या नेमाला.

त्या दिवशी पूर्ण दीड तास आम्ही मुठीवरच घालवला. ‘क्यू पाखरासारखा धरा, उडू पण नये, दुखू पण नये,’ असं ते म्हणाले आणि मला ते लगेच कळलं. एका धड्यात एकच दोष, हा त्यांचा नियम. जो माणूस पहिल्याच तासात तुमचं उभं राहणं, हात, नजर, स्पिन सगळं एकदम बदलायला निघतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. घरी आल्यावर तुमच्या हातात त्यातलं काहीच उरत नाही.

पांढऱ्याचं शिक्षण चौथ्या धड्यापासून सुरू झालं. ते पूर्वी कुणी नीट सांगितलं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. पांढरा दुसऱ्या बॉलला तिरका लागतो तेव्हा तो कुठे जाईल हे नशिबावर नसतं. लागताना तो नुसता घसरत असेल, म्हणजे पुढेही फिरत नसेल आणि मागेही नाही, तर रंगीत बॉल ज्या दिशेला जातो तिच्याशी काटकोन करून पांढरा निघतो. तोच नैसर्गिकपणे गडगडत आला असेल आणि समोरच्या बॉलला साधारण अर्धा झाकून लागला असेल, तर स्वतःच्या मूळ वाटेपासून तीसएक अंशांनी वळतो. काका तर्जनी आणि मधलं बोट ताणून टेबलावर धरायचे. एक बोट पांढऱ्याच्या वाटेवर, दुसरं बोट दाखवेल तिकडे पांढरा जाणार. पहिल्यांदा मी बोटं धरून अंदाज केला आणि पांढरा खरंच तिथे जाऊन थांबला, तेव्हा मला टेबलच वेगळं दिसायला लागलं. त्यानंतर ते बॉल गेल्याचं कौतुक कधी करत नसत. ‘बॉल गेला ते सोडा. पांढरा कुठं थांबणार म्हणाला होतात?’ एवढंच विचारायचे.

स्नूकरवाल्याकडे पूल शिकताना थोडं जपून. उभं राहणं, हनुवटी क्यूवर आणणं, सरळ हात, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. पण पूलचे बॉल मोठे असतात, ५७ मिलिमीटरच्या आसपास, स्नूकरचे साडेबावन्न. पूलच्या क्यूची टिप (टोक) १२-१३ मिलिमीटरची, स्नूकरची ९-१० मिलिमीटरची. पूलचा ब्रेक तर पूर्णपणे वेगळा, त्यात जोर लागतो. तेव्हा पहिल्या भेटीतच स्पष्ट विचारा: ब्रेक शिकवाल का, पूलच्या एटबॉल या प्रकारात कुठला बॉल आधी घ्यायचा हे शिकवाल का? आमच्या पार्लरमध्ये फाउल झाला की दोन शॉट देतात, आंतरराष्ट्रीय नियमांत पांढरा हातात मिळतो, टेबलावर हवा तिथे ठेवता येतो. स्पर्धेत उतरायचं असेल तर सराव त्या नियमांनी करायला हवा.

आता पैसे. हे माझे आकडे आहेत, भागाप्रमाणे बदलतील. काका दीड तासाचे १,००० रुपये घेतात. टेबलाचे वेगळे. ‘फीमध्ये टेबल धरलंय का?’ हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा, भांडणं इथेच होतात. आमच्याकडे दुपारी टेबल तासाला १८० आहे आणि संध्याकाळी ३००. शनिवारी दुपारी गेलं की धड्याचे एकूण १,२७० होतात. मी महिन्याला एकच धडा घेते आणि मधल्या काळात दुपारच्या दराने सहा तास एकटी सराव करते, त्याचे १,०८०. महिन्याला २,३५०. याच पैशांत जवळजवळ दोन धडे बसले असते, पण सरावाशिवाय दुसऱ्या धड्यात पहिल्याचीच उजळणी होते. आठवड्याला धडा घ्यायचा आग्रह कुणी करत असेल तर मधल्या दिवसांत काय करायचं ते त्याला विचारा. उत्तर नसेल तर थांबा.

आगाऊ पैसे एका धड्याचेच. फार तर तीन धड्यांचे, तेही यूपीआयने, आणि सोबत एक मेसेज: किती धडे, कुठे, किती वाजता, धडा रद्द झाला तर काय. भल्या माणसाला याचा राग येत नाही. काकांना मी पहिल्यांदा असा मेसेज पाठवला तेव्हा त्यांनी खाली ‘बरोबर’ लिहून पाठवलं. मैत्रिणीसोबत जोडीने धडा घेतला तर खर्च अर्धा होतो, पण पहिले दोन-तीन एकटीनेच घ्या, कारण दोष प्रत्येकाचा निराळा.

सरावाला लागणारं सामान स्वस्त आहे. फाइलच्या कागदांच्या भोकांना चिकटवतात त्या गोल रिंगा अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. बॉल जिथे मांडायचा तिथे एक रिंग चिकटवली की तोच शॉट तंतोतंत त्याच जागेवरून पन्नास वेळा मारता येतो. पार्लरवाल्यांना आधी विचारा आणि जाताना काढून टाका. घरी जेवणाच्या टेबलावर पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडातून क्यूचं टोक कडांना न लागता आतबाहेर करायचं. रोज दहा मिनिटं. त्यासाठी स्वतःचा क्यू हवा. तो मी सहा महिन्यांनी घेतला, साधाच, १९ औंसांचा. शिकवणाराच पहिल्या आठवड्यात महागडा क्यू विकायला लागला तर नम्रपणे नाही म्हणा. आणि ‘पैसे लावून खेळा, तरच शिकाल’ असं जो म्हणेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

मुलींसाठी एक वेगळं. उभं राहणं सुधारताना काही जण न विचारता खांद्याला, कमरेला हात लावतात. काका क्यूच्या टोकाने हवेत दाखवतात, किंवा स्वतः तसे उभे राहून दाखवतात. म्हणजे हात न लावता शिकवता येतं. पहिल्या दिवशीच सांगून टाका, संकोच करू नका. जागा निवडतानाही दुपारी जाऊन बघा: धूर आहे का, उजेड आहे का, एकटीने दोन तास निवांत खेळता येईल का.

मी एक वही ठेवली आहे. त्यात धड्याची तारीख, दिलेले पैसे, आणि दहापैकी किती वेळा पांढरा ठरवलेल्या जागी थांबला तो आकडा. पहिल्या महिन्यात दोन होता, गेल्या शनिवारी सहा आला. काकांनी वही बघितली, काही बोलले नाहीत, आणि पुढच्या वेळेसाठी रिंगेची जागा कुशनच्या आणखी जवळ सरकवून ठेवली.