पोरांना कुठे वाढवायचं? अमेरिकेत येणाऱ्या खान्देशी कुटुंबांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून अमेरिकेला निघालेल्या मंडळींचे फोन येतात तेव्हा आधी घरभाडं, गाडी, कळण्याचं पीठ मिळतं का, हे सगळं विचारून होतं. मग वहिनी फोन हातात घेतात. "भाऊ, तिकडे शाळेत गोळीबार होतो म्हणे. पोरांना आणायचं की नाही?" मी डॅलसच्या उत्तरेला राहतो आणि माझी दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळांत शिकली. आणा, असंच मी सांगतो. पण येताना बंदुकीबद्दल काही गोष्टी माहीत करून घ्या, कारण आपल्याकडे हा विषय घरात कधी निघतच नाही.

आपल्याकडे बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यासाठी कलेक्टर कचेरीत चपला झिजवाव्या लागतात, आणि निवडणूक लागली की बहुतेकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. इथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणं हा हक्कच आहे. दुकानदाराने बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासायची, हा नियम १९९३ च्या ब्रेडी कायद्याने आला. पण टेक्सासमध्ये एका माणसाने दुसऱ्याला खाजगीत विकली, तर ती तपासणीही लागत नाही. सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात एकवीस वर्षांपुढच्या बहुतेकांना पिस्तूल जवळ बाळगायला परवान्याची गरज उरलेली नाही. म्हणजे किराणा घेताना शेजारी उभ्या माणसाच्या शर्टाखाली पिस्तूल असू शकतं, आणि ते पूर्ण कायदेशीर असतं.

राज्याराज्यात फरक मोठा आहे. न्यू जर्सीत पिस्तूल घ्यायला आधी पोलिसांकडून परवाना लागतो. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदुकीने होणारे मृत्यू देशात सगळ्यात कमी असणाऱ्या राज्यांत मोडतात. २०२२ मध्ये तिथे लाखामागे साधारण चार, टेक्सासात पंधराच्या आसपास आणि मिसिसिपीत तीसच्या जवळ होते. हे आकडे वाचून कुणी म्हणेल, मग न्यू जर्सीलाच जाऊ. जमत असेल तर जरूर जा. पण बहुतेकांचं राज्य नोकरी ठरवते, आणि नुसत्या राज्याच्या कायद्याने भागतही नाही. चोपड्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात कायदा कितीही कडक असला तरी गावठी कट्टा सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून येतो, हे त्याने पेपरात वर्षानुवर्षं वाचलेलं असतं. शिकागोचं तसंच आहे. इलिनॉयचे कायदे कडक, पण शिकागोत गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांचा पोलिसांनी माग काढला तेव्हा निम्म्याहून जास्त राज्याबाहेरून आलेल्या निघाल्या, आणि त्यात सगळ्यात जास्त शेजारच्या इंडियानातून.

शहराच्या नावावरही जाऊ नका. शिकागो म्हटलं की गावाकडचे घाबरतात, पण तिथले खून दक्षिण आणि पश्चिम भागातल्या काही ठरावीक वस्त्यांत एकवटलेले आहेत. त्याच शिकागोपासून तासाभरावरचं नेपरव्हिल शांत आहे, आणि आपल्या लोकांनी भरलेलं आहे. खुनांचं प्रमाण करोनाच्या काळात वाढलं, २०२१ च्या सुमारास शिखरावर गेलं आणि त्यानंतर झपाट्याने उतरलं, हेही ध्यानात ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ बरेचदा त्या वाईट वर्षांतले असतात.

घर बघताना एजंटला "एरिया सेफ आहे का?" असं विचारलंत तर तो गोल गोल बोलेल. त्याचा राग मानू नका. वस्तीत कोण राहतं त्यावरून गिऱ्हाइकाला इकडे किंवा तिकडे वळवणं १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यात बसत नाही, म्हणून एजंट असल्या प्रश्नांपासून लांब राहतात. ते काम तुमचं तुम्हालाच करावं लागेल. पुष्कळ शहरांच्या पोलीस खात्यांच्या साइटवर गुन्ह्यांचा नकाशा असतो, त्यात आपल्या पत्त्याभोवतीचं वर्षभराचं चित्र बघा. गाडीच्या काचा फोडून चोऱ्या किती आणि हाणामारी, लूटमार किती, हे वेगवेगळं मोजा. मग शनिवारी रात्री दहाला तिथून एक चक्कर मारा. शाळा पत्त्यावर ठरते आणि एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या शाळा असू शकतात, म्हणून हद्द स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, साइटवर स्वतः तपासा. काळे लोक राहतात म्हणून वस्ती वाईट, असं सांगणारे आपलेच लोक तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐकू नका. ते खोटं आहे, आणि उद्या मूल ज्यांच्यासोबत बाकावर बसणार त्यांच्याबद्दल त्याच्या मनात विष कालवणारं आहे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. शाळेतल्या गोळीबाराची बातमी जगभर जाते. २०१२ मध्ये सँडी हूकला वीस लहान मुलं गेली, २०२२ मध्ये आमच्याच राज्यात युव्हाल्डीला एकोणीस. मे २०२३ मध्ये डॅलसजवळच्या ॲलन शहरातल्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण मारले गेले. त्या मॉलमध्ये आम्ही सगळे खरेदीला जातो, म्हणून त्या भीतीला मी कमी लेखत नाही. पण एका वर्षातले सगळे बंदुकीचे मृत्यू बघितले, तर अशा घटनांचा वाटा फार लहान आहे. २०२३ मध्ये सुमारे सत्तेचाळीस हजार माणसं बंदुकीने गेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. शाळांवर हल्ला करणाऱ्या मुलांकडेही बंदूक येते ती बहुतेक वेळा स्वतःच्या घरातून नाहीतर नातेवाइकाकडून. सीक्रेट सर्व्हिसच्या २०१९ च्या अभ्यासात हेच दिसलं. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ मध्ये चार विद्यार्थी मेले, ते पिस्तूल बापाने घेतलेलं होतं. २०२४ मध्ये त्या मुलाच्या आईबापांना सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली.

तेव्हा तुमच्या लेकराला जवळचा धोका आहे तो कुणाच्या तरी बेडरूमच्या खणात उघडी पडलेली बंदूक. तुमचं मूल ज्या घरी खेळायला जाईल, त्या घरात विचारा. इथे मुलं आधी ठरवून एकमेकांच्या घरी जातात, त्याला प्लेडेट म्हणतात. तेव्हा मेसेज करा: "आर देअर एनी गन्स इन द हाउस, अँड आर दे लॉक्ड अप?" अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स ही इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही पालकांना हे विचारायला सांगते.

मला माहीत आहे की हे आपल्याला जड जातं. अमळनेरला, पारोळ्याला पोरं गल्लीत कुणाच्याही घरात शिरतात, तिथेच जेवतात, झोप आली तर तिथेच झोपतात. यजमानाला "तुझ्या घरात काय आहे?" असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, असं आपल्याला वाटतं. पण इथल्या लोकांना वाटत नाही. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे सांगता, पोहण्याचा तलाव आहे का विचारता, त्याच ओळीत हाही प्रश्न टाका. मी हा प्रश्न विचारला तेव्हा कुणी रागावलं नाही. उलट एका टेक्सन बापाने मला आत नेऊन कुलूपबंद तिजोरी दाखवली. आणि आपल्या मराठी, तेलुगू, गुजराती घरांतही विचारा. ग्रीन कार्ड झाल्यावर बंदूक घेणारे आपल्यातही आहेत. उत्तर गोलमाल आलं, तर मुलांना आपल्या घरी बोलवा. शेवभाजी करा, पिझ्झा मागवा, पण खेळ आपल्याकडेच होऊ द्या.

नव्या लोकांना आणखी काही गोष्टी कुणी सांगत नाही. एफ-वन, एच-वन असल्या तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक हातात घेणंसुद्धा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते, असे मोजके अपवाद आहेत. ऑफिसचे मित्र हौसेने शूटिंग रेंजवर नेतात, फोटो काढतात. तुम्ही नम्रपणे नाही म्हणा, त्यापायी व्हिसा आणि करिअर दोन्ही जाऊ शकतं. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल सामानात आणू नका आणि खरं वाटेल असं खेळणं घेऊन मुलाला बाहेर खेळू देऊ नका. २०१४ मध्ये क्लीव्हलँडच्या बागेत बारा वर्षांच्या मुलाच्या हातात खेळण्यातलं पिस्तूल होतं आणि पोलिसांनी त्याला गोळी घातली. "तुला मारून टाकीन" हे आपल्याकडे भांडणात सहज निघतं. इथे शाळेत ते वाक्य धमकी म्हणून नोंदलं जातं, मुलांना आधीच समजावा.

कुणाच्या घरी जाताना नंबर दोनदा बघा. एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत सोळा वर्षांच्या मुलाने भावंडांना आणायला जाताना चुकीच्या घराची बेल वाजवली आणि घरमालकाने दारातूनच गोळी झाडली. मुलगा वाचला. त्याच आठवड्यात न्यूयॉर्क राज्यात चुकून परक्या घराच्या आवारात गाडी वळवणाऱ्या मोटारीतली एक तरुण मुलगी मारली गेली. गावाहून आलेल्या आई-आबांना हे मुद्दाम सांगा, कारण संध्याकाळी फिरताना "कोण राहतं बुवा इथे?" म्हणून डोकावायची त्यांना सवय असते. पोलिसाने गाडी थांबवली तर उतरून त्याच्याकडे जाऊ नका. बसून राहा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि लायसन्स काढण्याआधी सांगा की काढतोय.

शाळेत लॉकडाउन ड्रिल होतं, म्हणजे बंदूकधारी शिरला तर दार लावून लपून कसं बसायचं याचा सराव, अगदी बालवर्गापासून. पहिल्यांदा मूल घरी येऊन "आम्ही अंधारात गप्प बसलो होतो" असं सांगेल तेव्हा तुमच्या पोटात गोळा येईल. त्याच्यासमोर रडू नका, शांतपणे ऐका आणि बाई सांगतील तसं करायचं एवढंच सांगा. शाळेच्या फॉर्मवर तुमचा चालू फोन नंबर आहे ना, हे सिम बदललं की लगेच बघा.

ग्रीन कार्डनंतर "संरक्षणासाठी" बंदूक घ्यायचा विचार मनात येईल. माझा सल्ला स्पष्ट आहे: घरात मुलं असताना घेऊ नका. घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे, आणि आपल्या घरांतली पोरं मार्कांच्या, कॉलेजच्या दबावाखाली किती एकटी पडतात हे मी इथे जवळून बघतो. घेतलीच असेल तर तिजोरीत, रिकामी, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि तिजोरीचा आकडा मुलांना माहीत नको. मूल गप्प गप्प झालं, खाणं-झोपणं बिघडलं, तर "वय आहे, होतं असं" म्हणून सोडू नका. आत्महत्येचे विचार किंवा मनाचं संकट असेल तर मदतीसाठीचा ९८८ हा नंबर २०२२ पासून देशभर चालतो, चोवीस तास, फोन किंवा मेसेज दोन्ही. मूल बोलायला तयार नसेल तर त्याच्या काळजीने आईने किंवा बापाने तिथे फोन केला तरी ते मदत करतात.